हाई नर्स शे का डाक्टर? उपकेंद्रातली ऑनलाइन तपासणी, सोप्या भाषेत

माझी मावशी शिंदखेडा तालुक्यात राहते. वय बासष्ट, बीपी आठेक वर्षांपासून. दर महिन्याला गावच्या उपकेंद्रात जाऊन गोळ्या आणते. मागच्या खेपेला तिथल्या मॅडमनी बीपी मोजला, बोटाला टोचून साखर बघितली आणि टॅबलेट उघडून थेट एका डॉक्टरांशी बोलणं करून दिलं. संध्याकाळी मावशीचा फोन आला, तिच्या अहिराणी बोलीत. "माले एक सांग भाऊ, हाई नर्स शे का डाक्टर? आनि नर्स शे तं मंग तो टॅबलेटमधला डाक्टर कसाले?"

मी तेव्हा "बघून सांगतो" म्हणालो, कारण मलाही नीट सांगता येईना. नंतर लक्षात आलं की मावशीने विचारलेल्या दोन प्रश्नांवर अमेरिकेत साठ वर्षं वाद चालू आहे आणि आपल्याकडे याच मुद्द्यावरून २०१९ साली डॉक्टरांनी देशभर संप केला होता.

उपकेंद्र बदललं, पाटीही बदलली

सरकारी आरोग्यव्यवस्थेची सगळ्यात खालची पायरी म्हणजे उपकेंद्र. नियम असा, की सपाट भागात पाच हजार लोकांमागे एक आणि डोंगराळ-आदिवासी भागात तीन हजारांमागे एक. त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ग्रामीण रुग्णालय, मग जिल्ह्याचं. उपकेंद्रात पूर्वी नर्सबाई असायच्या, म्हणजे एएनएम. लसीकरण, गरोदर बायकांची नोंद, तांबी, लोहाच्या गोळ्या. ताप आला, बीपी वाढला तर तिथे कोणी जायचं नाही, कारण तिथे त्याचं औषधच नसायचं.

२०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना आली आणि उपकेंद्रांना नवं काम मिळालं. २०२३च्या अखेरीस त्यांचं नावही 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झालं. गावात अजूनही सगळे उपकेंद्रच म्हणतात, मीही तेच म्हणणार. ठरल्याप्रमाणे तिथे १०५ प्रकारची औषधं आणि १४ तपासण्या असायला हव्यात. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा बीपी, साखर, तोंडाचा कर्करोग आणि बायकांच्या बाबतीत स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग तपासायचा आहे. एवढं काम एकट्या एएनएमच्या डोक्यावर टाकणं शक्य नव्हतं, म्हणून नवीन पद आलं: समुदाय आरोग्य अधिकारी, बोलीभाषेत सीएचओ.

मावशीचा गोंधळ इथूनच सुरू होतो. महाराष्ट्रात हे सीएचओ दोन वाटांनी आलेत. काही बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचे पदवीधर. काही बीएस्सी नर्सिंग. दोघांसाठीही सहा महिन्यांचा एक जोड-अभ्यासक्रम ठरलेला आहे; नव्या नर्सिंग पदवीत तो आधीच धरलेला असतो. त्यामुळे एका गावची मॅडम वैद्य असेल आणि शेजारच्या गावची नर्स, दोघींच्या दारावर पाटी एकच. मावशीच्या गावातल्या मॅडम नर्सिंगच्या आहेत. हे सरळ त्यांनाच विचारून कळलं. विचारल्याचा त्यांना जरासुद्धा राग आला नाही, उलट बरं वाटलं असावं.

साठ वर्षांपूर्वीची एक कल्पना

डॉक्टर नसलेल्या माणसाने तपासावं, निदान करावं, औषध द्यावं ही कल्पना स्वस्तातलं काहीतरी खपवण्यासाठी आपल्याकडे निघाली, असा एक समज आहे. तो खरा नाही. १९६५ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, या दोघांनी मिळून नर्सना जास्तीचं शिक्षण देणारा अभ्यासक्रम सुरू केला. खेड्यापाड्यांतल्या मुलांना डॉक्टर मिळत नव्हते. दुसरीकडे, अनुभवी नर्सना रोगाचं बरंच काही कळत होतं, पण ते कळणं कागदावर कुठेच धरलं जात नव्हतं.

त्यातून जे पद घडलं त्याला नर्स प्रॅक्टिशनर म्हणतात. आज तिथे ही बाई किंवा हा माणूस आधी पूर्ण नर्स असतो, त्यावर पदव्युत्तर शिक्षण घेतो, वेगळी परीक्षा देतो आणि मग तपासणी, निदान, औषध हे सगळं करतो. भूल देणाऱ्या आणि बाळंतपण करणाऱ्या प्रगत नर्स याच घराण्यातल्या. अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरच्या सहीची गरज लागत नाही. कोविडनंतर तिथे व्हिडिओवरून तपासणी वाढली, तशी यांतली बरीच कामं पडद्यावर आली.

भारतातही असे अभ्यासक्रम आहेत, पण मोजके. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. २०१८ मध्ये केंद्राने सुईणपणासाठी 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी' ही दीड वर्षाची वाट आखली. उपकेंद्रातली सीएचओ यांपैकी कोणी नाही. नातं लावायचंच तर सख्खी बहीण नाही, चुलत बहीण म्हणू. काम बरंचसं सारखं, शिक्षण आणि अधिकार कमी.

टॅबलेटच्या पलीकडे कोण असतं?

आता मावशीचा दुसरा प्रश्न. त्या टॅबलेटवर जे चालतं त्याचं नाव ई-संजीवनी. केंद्र सरकारची ही व्यवस्था मोहालीच्या सी-डॅक संस्थेने बनवली. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावरून दहा कोटी तपासण्या झाल्या होत्या. दूर बसून अशी सेवा देण्याला टेलिहेल्थ म्हणतात.

रचना एसटीसारखी आहे. गावचा थांबा आणि तालुक्याचा डेपो. उपकेंद्र हा थांबा. प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर म्हणजे डेपो. थांब्यावरची मॅडम पेशंटची माहिती भरते, डेपोतल्या डॉक्टरला जोडते, डॉक्टर बघतो, विचारतो आणि चिठ्ठी पाठवतो. ती चिठ्ठी उपकेंद्रातच छापून निघते आणि शक्य असेल तर गोळ्याही तिथेच मिळतात. प्रत्येक वेळी समोरासमोर बोलणं लागतंच असं नाही. जखमेचा, पुरळाचा फोटो पाठवून नंतर उत्तर मागवता येतं, किंवा आठवड्याचे बीपीचे आकडे नुसते कळवता येतात.

कोणी घरून स्वतःच्या मोबाइलवरूनही ई-संजीवनीवर डॉक्टरशी बोलू शकतं, ती सोय एप्रिल २०२० पासून आहे. मग मध्ये नर्स कशाला? लोक हमखास विचारतात तो प्रश्न हाच, आणि मुद्द्याचाही तोच.

फोनवरचा मेस्त्री

ट्रॅक्टर बिघडला आणि मेस्त्री दोंडाईच्याला आहे, असं समजा. तुम्ही फोन लावला आणि म्हणालात, "आवाज येतोय." मेस्त्री काय करणार? "घेऊन या" म्हणेल. आता तोच फोन गावातल्या जुन्या ड्रायव्हरने लावला. तो सांगतो: निळा धूर येतोय, ऑइल दर आठवड्याला टाकावं लागतंय, चढाला ताकद कमी पडते. मेस्त्रीने इंजिन बघितलेलं नाही, तरी अर्धं निदान झालं. फोन तोच, रेंज तीच, मेस्त्रीही तोच. फरक अलीकडच्या माणसात आहे.

आता मावशीच्या त्या दिवसाची गोष्ट सांगतो, कारण ती मला मागाहून तुकड्यातुकड्यांनी कळली. तिचा बीपी १६८/९६ भरला. अॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी चालू होती. पडद्यावरच्या डॉक्टरला हे दोन आकडे आणि एक गोळी एवढंच दिसलं असतं, तर कोणीही शहाणा डॉक्टर म्हणाला असता: डोस वाढवा. मॅडमनी मात्र कॉल लावण्याआधी मावशीची चप्पल बघितली. पट्टा शेवटच्या छिद्राला आणलेला. नडगीवर अंगठा दाबून धरला, काढला, तर खळगा तसाच राहिला. "गोळी रोज घेतात का?" मावशी आधी हो म्हणाली. मग खालच्या आवाजात: "गोळी खादी का पाय सुजतस. म्हनून दिवसाआड खास मी."

अॅम्लोडिपिनने काही जणांचे पाय सुजतात. हा माहितीतला दुष्परिणाम आहे. पण सूज मूत्रपिंडामुळे किंवा हृदयामुळेही येते. म्हणून मॅडमनी लघवीत प्रथिन जातं का ते पट्टीने बघितलं, आडवं झाल्यावर दम लागतो का, रात्री उशा किती लागतात तेही विचारलं. मग कॉल लावला. डॉक्टरांनी डोस वाढवला नाही. गोळीचा गट बदलला, जोडीला रक्ताची एक तपासणी सांगितली. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं. त्यातली पडद्यावरची चार.

टेलिहेल्थबद्दल बातम्या येतात त्या सगळ्या अॅपच्या, टॅबलेटच्या आणि कोटींच्या आकड्यांच्या. पडद्याला अंगठा नसतो, हे कुठे लिहिलेलं मी वाचलं नाही. दूरच्या डॉक्टरचा हात, नाक, कान म्हणून जो माणूस पेशंटशेजारी बसलाय, त्याला किती येतं यावर त्या तपासणीची किंमत ठरते.

"जीव घाबरस"

आणखी एक काम ही नर्स करते. त्याची नोंद कुठल्याच फॉर्ममध्ये नसते.

आपल्याकडची बाई डॉक्टरला सांगते, "जीव घाबरस." पुण्या-मुंबईत वाढलेल्या डॉक्टरला वाटतं, बाई घाबरलीय, मानसिक काहीतरी आहे. ते असूही शकतं. पण याच शब्दांत बाई हृदयाचा झटका सांगते, साखर उतरल्याचं सांगते, रक्त कमी असल्याने होणारी धडधडही सांगते. अहिराणी बोलणारी नर्स पुढचा प्रश्न विचारते: घाम येस का? हात भरी येस का? काही खादं का सकायथीन? तीन उत्तरांत चार रस्ते वेगळे होतात. धडगाव-अक्कलकुव्याकडे तर अहिराणीही पुरत नाही, तिथे भिली आणि पावरी लागते. दवाखान्यात गेल्यावर पेशंट जमेल तसं 'शुद्ध' बोलायला लागतो आणि त्यात निम्मा आजार गळून पडतो, हे मी माझ्याच घरात बघितलंय.

सातपुड्यात हे जास्त का लागू पडतं

पावसाळ्यात नंदुरबार जिल्ह्यातून एक बातमी ठरलेली असते: बांबूला झोळी बांधून बाळंतिणीला नेलं. चांदसैली घाटात दरड आली की धडगावकडचा रस्ताच बंद होतो. नर्मदाकाठच्या काही पाड्यांना बोटीतून दवाखाना जातो. इथे 'जिल्ह्याला दाखवून या' हे वाक्य म्हणजे एक-दोन दिवसांची मजुरी, गाडीभाडं आणि सोबतीला येणाऱ्याची मजुरी.

झोळीतल्या त्या बाईला टॅबलेट वाचवणार नाही, हेही इथेच सांगून टाकतो. तिला रस्ता लागतो, गाडी लागते, रक्त लागतं. टेलिहेल्थचा खरा उपयोग वर्षानुवर्षं चालणाऱ्या आजारात आहे. सिकलसेलचंच बघा.

रक्तातल्या गोल तांबड्या पेशी या आजारात विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात आणि हाडं फुटावीत तसं दुखतं. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. भिल्ल, पावरा समाजात हे प्रमाण मोठं आहे. १ जुलै २०२३ला केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, त्यात सात कोटी लोकांची तपासणी करायची आहे. तपासणी करून कार्ड हातात देणं हा सोपा भाग. अवघड भाग त्यानंतरचा. हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी दुखण्याचे झटके कमी करते, पण ती चालू असताना रक्तपेशींची मोजणी ठरावीक काळाने करावी लागते आणि गरोदरपण आलं तर आधी डॉक्टरला विचारावं लागतं. दरवेळी त्यासाठी पेशंटने जिल्ह्याला जावं? तो जाणार नाही. गोळी सुटेल.

इथे नर्स रक्ताचा नमुना पाठवते, आकडा आला की दूरच्या तज्ज्ञाला दाखवते, डोस विचारून घेते. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत जाणार असेल तर आधीच गोळ्या देते आणि बजावते: उन्हात पाणी पीत राहा, कारण अंगातलं पाणी कमी झालं की झटका येतो. हे सगळं डॉक्टरने करायची गरज नाही. मात्र सिकलसेलच्या पोराला ताप आणि छातीत दुखणं, दम लागणं एकदम सुरू झालं, तर कॉलवर वेळ न घालवता १०८ बोलवायचं, हे तिला पाठ हवं. चांगल्या नर्सची परीक्षा यात जास्त होते: टॅबलेट कधी बाजूला ठेवायचा ते कळण्यात.

मग औषध लिहितं कोण?

२५ मार्च २०२०ला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, देशात टेलिमेडिसिनचे नियम आले. त्यांत औषधांच्या याद्या आहेत. साध्या तापा-खोकल्याची, ओआरएससारखी औषधं कुठल्याही माध्यमातून सांगता येतात. काही औषधं पहिल्या भेटीत व्हिडिओवर पेशंट बघितला तरच. काही फक्त जुन्या पेशंटला, आधीच्या उपचारात भर म्हणून. आणि अंमली पदार्थांच्या कायद्यातली औषधं अजिबात नाहीत. हे लिहिणार नोंदणीकृत डॉक्टर. नर्सने पेशंटला आधी समजावून त्याची संमती घ्यायची, तपासायचं, डॉक्टरला खरं काय ते सांगायचं आणि डॉक्टरने सांगितलेलं पार पाडायचं.

हे वाहन परवान्यासारखं आहे. कुणाकडे मोटारसायकलचा, कुणाकडे ट्रकचा. मोटारसायकलवाल्याला कमी येतं असं नाही, त्याने ट्रक चालवायचा नाही इतकंच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ यातल्या ३२व्या कलमाने अशा मर्यादित परवान्याची सोय केली: डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेवकाला प्राथमिक आणि प्रतिबंधक आरोग्यसेवेपुरती ठरावीक औषधं स्वतः देता येतील, बाकी डॉक्टरच्या देखरेखीखाली. त्यावरूनच जुलै २०१९ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनने चोवीस तासांचा संप पुकारला. कायद्याच्या आडून बोगस डॉक्टरांना मान्यता मिळेल, हे त्यांचं म्हणणं. खान्देशातल्या खेड्यांत सलाईन लावून पैसे काढणारे कोण कोण बसलेत हे ज्याने पाहिलंय, त्याला ही भीती अगदीच पोकळ वाटणार नाही. फक्त त्या लोकांकडे ना परवाना असतो ना नोंद, आणि उपकेंद्रातल्या प्रत्येक कॉलची मात्र नोंद राहते.

चूक झाली तर? चिठ्ठीची जबाबदारी डॉक्टरची, समोरासमोर तपासलं असतं तर होती तेवढीच. बीपी चुकीचा मोजला, लक्षण सांगायचं राहिलं, तर नर्सची. म्हणून छापील चिठ्ठी मागून घ्यावी आणि जपून ठेवावी.

"म्हणजे गरिबाला अर्धा डॉक्टर?"

हा आक्षेप माझ्या एका डॉक्टर मित्राचा, आणि तो रागाने म्हणाला होता. शहरवाल्याला एमडी, पाड्यावरच्याला सहा महिन्यांचा कोर्स, हा न्याय आहे का?

प्राथमिक आरोग्यसेवेत डॉक्टरच्या जागी प्रशिक्षित नर्स ठेवली तर काय होतं, याचा कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये आढावा घेतला, १८ प्रयोगांचा. निष्कर्ष असा की पेशंटची तब्येत डॉक्टरकडे राहते तितपतच किंवा किंचित बरी राहते, समाधान जास्त असतं आणि नर्स वेळ जास्त देते. मित्राला हे मी ऐकवलं. त्याने लगेच पकडलं: त्या नर्सचं शिक्षण किती वर्षांचं होतं? बरोबर होतं त्याचं. हे प्रयोग बहुतेक श्रीमंत देशांतले, तिथली नर्स वर्षानुवर्षं शिकून आलेली. ते निकाल उचलून आपल्या सहा महिन्यांच्या कोर्सला चिकटवता येत नाहीत.

पण त्याच्या प्रश्नात एक गृहीत लपलंय, की नाहीतर पाड्यावर एमडी बसला असता. तो बसलेला नाही. तिथे आज पर्याय आहे भगत, बिनपरवान्याचा सुईवाला किंवा काहीच नाही. माझं मत विचाराल तर सीएचओ काढून टाकण्यापेक्षा तिचं शिक्षण वाढवावं. सहा महिन्यांवर थांबू नये, नर्स प्रॅक्टिशनरपर्यंत वाट खुली करावी. आणि करारावरच्या, उद्याची खात्री नसलेल्या माणसाकडून गावाची आठ वर्षांची नाडी लक्षात ठेवायची अपेक्षा धरू नये. दिवसाचे कॉल मोजून तिची किंमत ठरवली, तर कॉल वाढतील, मावशीची चप्पल कोणी बघणार नाही.

रेंजचा प्रश्न खराच आहे. सातपुड्यातल्या कितीतरी पाड्यांवर फोन लागत नाही, वीज जाते, कॉल लागला तरी आवाज तुटतो. तिथे फोटो-आणि-नंतर-उत्तर ही पद्धत बरी पडते. तीही नसेल तर नर्सला जे येतं तेवढंच औषध. म्हणून पुन्हा तेच: तिला जास्त यायला हवं.

जाताना काय न्यायचं

घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, अगदी गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेलीसुद्धा. जुनी चिठ्ठी. मॅडम डॉक्टरला काय सांगताहेत ते ऐकावं आणि चुकत असेल तर मध्येच बोलावं. दार लावून बोलायचं असेल तर तसं सांगावं, तो हक्क आहे. मन खचलंय, झोप नाही, जीव नकोसा झालाय असं असेल तर १४४१६ या क्रमांकावर टेली-मानसची मोफत सेवाही आहे. आणि गोळी घेत नसाल तर घेत नाही म्हणून सांगावं. हे शेवटचं सगळ्यात कठीण.

मावशीला मी फोनवर यातलं निम्मं सांगितलं. नर्स आहे, डॉक्टर नाही, पण तुझे पाय तिनेच बघितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तो टॅबलेटवाला बी चांगला व्हता, पन त्यानं तं मन्हा तोंडच दखं." मंगळवारी तिला परत बोलावलंय. नवी गोळी, जुनी गोळी आणि गुडघ्याचं मलम, तिन्ही पिशवीत टाकून पिशवी दाराच्या खिळ्याला अडकवून ठेवली आहे.